अजून एक फेरी

त्या दिवशी मी विमानतळावर गेलो तो फक्त एका सहीसाठी. बावीस वर्षं मी विमान शिकवतोय. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडून उतरला की त्याच्या वहीत सही करायची, एवढंच काम. दुपारचे चार वाजले होते, स्वच्छ ऊन होतं, वारा जवळजवळ नव्हताच. भुताखेतांना शोभेल असं काही म्हणजे काहीही नव्हतं.

आमचं विमान दोन माणसांचं. शिकणारा पुढे, मी मागे, आणि दोघांच्या पायांखालची पेडलं एकमेकांना जोडलेली. तिसरं चाक शेपटीखाली. असलं विमान जमिनीला टेकलं म्हणजे उतरलं, असं समजू नये. पाय जरा ढिले पडले की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचं तसंच फिरलं. पंख टेकला, विमान उलटं झालं, पोरगा गेला. उडण्याआधी म्हणाला होता, "सर, अजून एक फेरी तुमच्याबरोबर मारू?" मी हसून खाली उतरलो होतो. "माझं बोट धरून किती दिवस चालणार?" हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच्या आईलाही नाही.

त्या दिवशी उडणार होती ती त्याची धाकटी बहीण. विमानही तेच, पंख नवा. मी खूप टाळलं, पण ती हट्टाला पेटली होती. "आई अजून दादालाच दोष देते, सर. ते उतरणं किती अवघड आहे, हे मला तिला सांगायचंय."

"अजून एक फेरी बरोबर मारू," या वेळी मीच म्हणालो.

"चार झाल्या, सर. उतरा आता."

ती उडाली, वळली, खाली आली. चाकं टेकली आणि शेपूट सरकायला लागली. गवतात उभ्या उभ्या माझे पाय नसलेली पेडलं दाबत होते. तेवढ्यात पेडलांनी फिरणारा शेपटीवरचा रडर फटाफट हलला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तिचे पाय इतके चपळ कधीच नव्हते. विमान सरळ धावलं आणि थांबलं.

ती चालत आली. चेहरा पांढराफटक.

"शाबास," मी म्हणालो.

"मी काही केलं नाही, सर... पाय गोठले होते माझे. पेडलंच हलत होती..."

"घाबरल्यावर आपलं आपल्याला कळत नाही."

"दादा होता."

मी तिच्या वहीत सहीचं पान शोधायला लागलो.

"रागावलेला नव्हता... दमलेला वाटला. म्हणाला, छान उतरलीस. आईला सांग." ती थांबली. "मग म्हणाला... आता तू जा. सरांना पाठव."

मी सही केली आणि तिला घरी पाठवलं. विमानाकडे वळूनही पाहिलं नाही.

त्याला आठ महिने झाले. मी अजून त्या विमानात बसलेलो नाही. दुसऱ्यांदा त्याला नाही म्हणतोय, हे मला कळतं, आणि त्याची मला लाज वाटते.

काल मेकॅनिक कचेरीत आला. जरा घुटमळला.

"सर, मागच्या सीटचा पट्टा मी रोज आवळून ठेवतो... सकाळी बघतो तर सैल केलेला असतो. बरोबर तुमच्या पोटाच्या मापाचा."