'व्हॉल्व्ह' हा शब्द सोडून

मार्शल गावातल्या कोर्टासमोरच्या हॉटेलात पीकन पाय या गोड पदार्थाचा एकच तुकडा उरला होता, आणि माझ्याआधी एका उंच माणसानं त्यावर बोट ठेवलं.

"घ्या तुम्हीच," माझं पडलेलं तोंड पाहून तो म्हणाला. "मला नाहीतरी आता एका वकीलबाईंना खायचंय."

"पचतील?"

"बघू!"

थोड्या वेळानं कोर्टातल्या छोट्या खोलीत मी त्याच्यापुढे हात केला. "लीटा प्रुएट. तुम्ही खायला निघालात ती."

रॉस टॅल्बर्ट कानापर्यंत लाल झाला. मला... आवडलंच ते.

पण आवडून चालणार नव्हतं. गुरांच्या हौदाला बसवायच्या व्हॉल्व्हच्या पेटंटवरून त्याच्या बड्या कंपनीनं माझ्या अशिलावर, एल्मर बुडीवर, दावा लावला होता. जज्जापुढे जाण्याआधी आम्ही वकिलांनीच बसून ठरवायचं असतं, कुणाच्या इमेल उपसायच्या आणि कोणते शब्द शोधायचे. निघालेली प्रत्येक इमेल माझ्या माणसांनी वाचायची, खर्च एल्मरचा. ढीग निघाला, तर बिचारा लढण्याआधीच बुडणार होता.

"सगळ्या कर्मचाऱ्यांच्या इमेल," रॉस म्हणाला. "शब्द — व्हॉल्व्ह."

"आधी थोड्या चाखून बघा." मी लॅपटॉप सरकवला.

पहिली इमेल एल्मरच्या बायकोच्या पीचच्या मुरंब्याची. दुसरी पार्किंगमध्ये शिरलेल्या बकरीची. तिसरीतही बकरीच.

"यात व्हॉल्व्ह कुठंय?"

"खाली, नावाखाली बघा. बुडी व्हॉल्व्ह कंपनी. प्रत्येक इमेलला आहे, वकीलसाहेब."

"म्हणजे मी बकरीवर दावा लावलाय!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पावसाची सर आली होती. एकाच पडद्यावर वाकलेलो आम्ही... त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं, आणि कुणीच बाजूला घेतलं नाही.

शेवटी ठरलं: फक्त पाच जणांच्या इमेल, नेमके शब्द. त्यानं सही केली.

"केस चालू असताना समोरच्या वकिलाबरोबर जेवायला जाता येत नाही," तो कागदाकडे बघत म्हणाला. "मला जायचं होतं — तुमच्याबरोबर."

"मलाही," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"गंमत बघा. मी अडून बसलो असतो, तर एल्मरनं याच आठवड्यात हात टेकले असते. केस खलास. शनिवारी मी तुमच्या दारात उभा!"

"मग सही का केलीत?"

"तुम्ही दार उघडलं नसतंत."

खरंच नसतं उघडलं. मला इतका आनंद झाला, की तो लपवायचंही सुचलं नाही.

"आता उघडेन," मी म्हणाले. "पण आधी तुम्हाला हरवीन."