दिवस मावळायच्या आत

ढगांनी दिवस मावळायच्या आधीच अंधारलं होतं. बापूजींना चहा द्यायला मी दुकानात आले, तेवढ्यात वीज गेली आणि कुणीतरी फर्रकन काडी ओढली.

"अहो, विझवा ती! चौमासा चाललाय, किडे जळतील!" मी ओरडलेच.

काडी विझली. पण तेवढ्यात दोन हसरे डोळे दिसून गेले होते...

"चुकलंच बाईसा! जैन असून विसरलो. मी अमरचंद. शहाद्याहून आलोय, बॅटरी दाखवायला."

नंदुरबारला वीज येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि ती रोज संध्याकाळी जायची. समोरच्या भंवरलालजींनी घरी डायनामो बसवला, म्हणून बापूजींनाही काहीतरी हवंच होतं. मी मराठी सातवी शिकलेली. बापूजी म्हणाले, "धनकंवर, तूच ठरव."

झालं! डायनामो धडधडतो, गॅसबत्तीवर किडे येतात, बॅटरीत हात भाजणारं तेजाब... अमरचंद एकेक समजावून सांगायचा आणि मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचे. तो गेला की काही म्हणता काही आठवायचं नाही.

"बॅटरी दर आठ दिवसांनी शहाद्याला नेऊन भरावी लागेल. आमचा गडी येऊन नेईल."

"गडी? तुम्ही नाही?"

"एकदा विकली की माझं काय काम?"

"मग... विचार करून सांगते."

असे चार सोमवार गेले. तो आला की दुकानातला गडी चुडामण गालात हसत वर्दी द्यायचा, "बाई, तो बॅटरीवाला ऊना!"

पाचव्या सोमवारी बापूजी वैतागले. "आज ठरव, नाहीतर त्याला येऊच नको म्हणतो." बॅटरी घेतली तरी त्याचं येणं संपणार, नाही घेतली तरी संपणार! करू तरी काय?

त्या दिवशी माँनं त्याला जेवायला थांबवलं. ताटं वाढली. पण ओसरीवर तो वायर दाखवतोय, मी विचारतेय — आणि माँ ओरडली, "अगं, मावळला की सूर्य!"

सूर्य मावळल्यावर आमच्यात घास घेत नाहीत. दोघंही उपाशी!

"उजेडात जेवून लवकर निजणारी माणसं आपण," माँनं कपाळाला हात लावला. "या घराला एवढा दिवा हवाय कशाला, देव जाणे!" ती ताटं उचलून आत गेली.

अमरचंद मान खाली घालून वायर गुंडाळायला लागला.

"तुम्हालाही ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्याकडे साधा कंदील पुरे."

"मग पाच सोमवार कशाला आलात?"

"तुम्ही ठरवत नव्हतात... का ठरवत नव्हतात?"

"ठरलं असतं तर तुम्ही आला नसतात ना!" बोलून गेले आणि कानशिलं तापली.

त्याचे हात थांबले. "मी तर प्रत्येक सोमवारी भीत भीत यायचो. आज तुम्ही हो म्हणाल आणि सगळं संपेल, म्हणून."

"ठरलं का गं?" बापूजींनी आतून विचारलं.

"ठरलं बापूजी! बॅटरी नको."

मग हळूच त्याला म्हटलं, "उद्या तुमच्या वडिलांना घेऊन या. आणि... दिवस मावळायच्या आत या. जेवायचंय."