थिएटरबाहेरचं बाक

मोबाइल खाली ठेवा आधी. उद्यापासून तुम्ही ऑपरेशन थिएटरला लागणार, म्हणून सांगतोय. आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत घडलेलं आहे. तीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली मी, पदरचं काही घालणार नाही. ए, तू हसू नकोस. रात्रीची ट्रॉली तुलाच एकटीला न्यायचीय.

डॉक्टरांची पद्धत ठरलेली. पेशंट आत यायच्या आधी इंजेक्शनं भरून, चिठ्ठ्या लावून ट्रेमध्ये ओळीनं मांडायची. पहिलं स्नायू सैल करणारं, झटपट लागू होणारं. त्यानं दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखतं, बहुतेकांना तेवढंच. पण लाखात एखाद्याच्या रक्तातच काहीतरी असतं. त्याचे स्नायू सैल पडायचे सोडून ताठ होतात आणि ताप चढतच जातो.

एकोणीस वर्षांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईला तसं झालं. साधं ऑपरेशन होतं हो. दातखीळ बसली ती सुटलीच नाही. अंगाला हात लाववेना इतकं तापलं. पहाटे गेली बिचारी. बाहेर तिची बहीण बसली होती, मांडीवर या बाईची दोन वर्षांची पोर घेऊन. हे रक्तातून येतं, पोरीला हे औषध कधी देऊ नका, एवढं तरी डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. घाबरले. 'हार्ट बंद पडलं' म्हणाले, कागदावरही तेच लिहिलं. मी शेजारीच उभा होतो. मीही तोंड उघडलं नाही.

आता गेल्या डिसेंबरचं ऐका, डॉक्टरांनीच मला सांगितलेलं. अकरा तारीख, रात्रीचे दोन चाळीस. अपेंडिक्स फुटलेली एक मुलगी आली. अजिबात वेळ नव्हता. डॉक्टरांनी ट्रे मांडला आणि तिला विचारायला बाहेर आले.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय?"

"नाही. आई माझ्या लहानपणीच गेली, पण हार्टनं."

त्यांनी लिहून घेतलं. परत वळले. थिएटरबाहेरच्या स्टीलच्या बाकावर एक बाई बसली होती. अंगात ऑपरेशनचा हिरवा गाऊन.

"बाई, कुठल्या वॉर्डच्या तुम्ही?"



जवळ गेले. ओठ हलत होते तिचे. दात मात्र आवळलेले...

"काय होतंय?"

ती बोलायला बघत होती. जबडा उघडेना. डोळ्यांतून नुसतं पाणी...

तिनं त्यांचं मनगट धरलं.

चटका बसला.

मग बोट दाखवलं. उघड्या दारातून आत. ट्रेकडे.

डॉक्टरांनी आत पाहिलं. मागे वळले.

बाक रिकामं.

तसेच मुलीकडे धावले. "तुझी आई काय काम करायची?"

"कपडे शिवायची. का हो?"

...

ते इंजेक्शन त्यांनी फेकून दिलं. भुलीचा गॅसही वापरला नाही, अशा माणसाला तोही घातक. दुसरी औषधं दिली. मुलगी वाचली. सकाळी मुलीच्या मावशीसमोर, बाहेर बसलेल्या त्याच बहिणीसमोर, हात जोडून त्यांनी सगळं कबूल केलं. मावशी ओरडली नाही. म्हणाली, "आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मला वाटायचं, माझ्यामुळेच तिचं हार्ट गेलं." एकोणीस वर्षं तिनं हे उराशी बाळगलं होतं. मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

त्या सकाळी सहाला मी ड्यूटीवर आलो होतो. बाक पुसायला घेतलं. एसीत सगळं गारठलेलं. एकच जागा, एका माणसाच्या बसण्याएवढी, गरम. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मुलीला घरी सोडणार होते. मावशी औषधं आणायला गेली. मुलगी पोट धरून हळूहळू आली आणि नेमकी तिथंच बसली.

"काका," म्हणाली, "इथं किती बरं वाटतंय."

मावशी येऊन दोनदा हाक मारून गेली. पोरगी उठेना. मग ती उठली, गेली. मी जाऊन हात लावला.

बाक गार पडलं होतं.