निळ्या बोटीतलं पांघरूण

बोटी बघायला निघाले तेव्हा सिस्टर आणि मास्तर हे नवराबायको भांडतच निघाले. भांडण जुनंच, मुरलेलं. सिस्टरनी उभा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात काढला होता, त्यामुळे शेजारीपाजारीही त्यांना सिस्टरच म्हणायचे. एकदा चारचौघांत मास्तरांच्याही तोंडून तेच निघून गेलं, आणि हसून हसून दोघांची पुरेवाट झाली. मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर समुद्र काढले. निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची बोट घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं, एवढंच त्यांचं मागणं. मध्येच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी बघू’ असं घरात कुणी म्हणत नव्हतं.

यार्डात दोन बोटी शेजारी शेजारी, टेकू लावून जमिनीवर उभ्या होत्या. लांबी जवळपास सारखी, वयही सारखं, पण स्वभाव दोन जावांसारखे वेगळे. पांढरी अंगानं रुंद. आत लख्ख उजेड, स्वयंपाकाचा ऐसपैस ओटा, ताठ उभं राहिलं तरी डोकं छताला लागत नव्हतं. निळी अरुंद, जुन्या घडणीची, तळाशी वजनदार कणा असलेली. आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागे.

मास्तर पांढरीवर भाळले. सिस्टरचं म्हणणं, उजेडाचं कौतुक बंदरात. लाटा उठल्या की हे रुंद पोट आपटत राहणार, आणि टाके पडलेल्या छातीला ते सोसायचं नाही. निळी लाट कापत जाईल.

“बोट बघतेयस की पेशंट?” असं म्हणून मास्तर हसत पांढरीच्या शिडीवर चढले. सिस्टर एकट्याच निळीकडे वळल्या.

समुद्रावरून धुकं चढत होतं. निळीच्या पोटात जुन्या लाकडाचा, डिझेलचा वास भरून राहिला होता, आणि त्याच्याखाली, अगदी पुसट, अंगाच्या साबणाचा. एका कडेला झोपायचा अरुंद बाक होता, पडू नये म्हणून बाजूला फळी लावलेला, वर गादी आणि पायाशी घडी केलेलं पांघरूण. मास्तरांना पुरेल का, हे बघायला सिस्टर त्यावर आडव्या झाल्या. पाळण्यात ठेवल्यासारखं वाटलं. खिडक्या धुक्यानं पांढुरक्या झाल्या. बाहेरचे हातोडे, माणसांचे आवाज एकेक करून विझत गेले. त्यांचा डोळा लागला.

मग पावलं ऐकू आली. अनवाणी, जपून टाकलेली, झोपलेल्याला जाग येऊ नये अशी. पायाकडून पांघरूण वर सरकलं, खांद्याशी नीट खोचलं गेलं. आणि कपाळावर एक हात टेकला. उलटा, ताप बघतात तसा. सिस्टरनी आयुष्यभर हे लोकांसाठी केलं होतं. त्यांच्यासाठी असं कुणी कधी केलं नव्हतं. डोळे न उघडताच त्या पुटपुटल्या,

“अहो... जागी आहे मी...”

हात थबकला, पण उचलला गेला नाही.

तेवढ्यात बाहेरून, शेजारच्या बोटीच्या माथ्यावरून मास्तरांची हाक आली. “अगं, इथला ओटा तरी बघून जा!”

हात अजून कपाळावरच होता.

सिस्टर ओरडल्या नाहीत. वॉर्डातली सवय, भ्यायलं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही. त्यांनी सावकाश डोळे उघडले. कुणीच नव्हतं. पांघरूण मात्र गळ्यापर्यंत होतं, आणि चारी कोपरे गादीखाली घट्ट खोचलेले. त्यांनी त्याची घडी केली, उशाशी ठेवली आणि त्या बाहेर आल्या.

शिडीच्या पायथ्याशी निळीचा मालक उभा होता. यार्डात सगळे त्याला कप्तान म्हणायचे. गुडघे गेल्यामुळे त्याला वर चढता येत नव्हतं, म्हणून तर तो बोट विकायला निघाला होता. सिस्टरचा चेहरा बघून तो काय ते समजला.

“घातलं...?” त्यानं हळूच विचारलं.

“घातलं.”

मग त्यानं थोडक्यात सांगितलं. तो आणि त्याची बायको वर्षानुवर्षं या बोटीवर हिंडले. वर सुकाणूची पाळी संपवून जो खाली येऊन पडेल, त्याला ती पांघरूण घालायची. गेली तीही त्याच बाकावर, बंदर नजरेच्या टप्प्यात असताना. नंतर बोट बघायला आलेली माणसं त्या बाकावर आडवी झाली, की अशी पळत, की परत फोनही उचलत नसत. तो स्वतः तिथे पडून बघायला कधी धजला नाही, आणि आता गुडघे चढू देत नव्हते.

“एक विचारू, बाई? हात गार होता का तिचा?”

“नाही हो, काका. चांगला उबदार होता.”

म्हाताऱ्यानं टोपी काढून तोंडावर धरली. टोपीआडूनच तो म्हणाला, “मला वाटायचं, थंडी वाजत असेल तिला.”

सिस्टरनी मास्तरांपासून काही लपवलं नाही. मास्तरांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, पण बायकोवर होता. ते निळीत जाऊन तो बाक बघून आले. मग म्हणाले, “चला, तुला रात्रपाळीला जोडीदारीण मिळाली.” आणि निळी ठरली. बोट पाण्यात उतरली त्या दिवशी कप्तानानं तिच्या अंगावर तळवा टेकवून काहीतरी म्हटलं. सिस्टर आणि मास्तर मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले.

पहिल्या सफरीला आभाळ निवळशंख होतं. जेवणानंतर मास्तर खाली जाऊन पडले, सुकाणू सिस्टरच्या हाती राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी वाकून बघितलं. मास्तर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन लहान मुलासारखे झोपले होते. सिस्टरना भीती वाटली नाही. उलट, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी अर्धा भार उचलल्यासारखं वाटलं.

मग मास्तर झोपेत बोलू लागले. आधी नुसतेच हुंकार, मध्ये मध्ये थांबून, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखे. “हं... हं...” मध्येच, “एवढेच दिवस?” लाकूड करकरलं. आणि मग अगदी स्पष्ट, समजुतीच्या सुरात,

“नको, तुम्ही नका सांगू. मीच सांगतो तिला...”

चहाच्या वेळी ते उठून वर आले. चेहरा ताजातवाना होता. सिस्टरनी विचारलं, “मला काय सांगायचं होतं?”

“मी? कुठे काय?” मास्तर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी सुकाणू मागितलं नाही. ते सिस्टरना खेटून बसले, त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला, आणि किनारा लागला तरी सोडला नाही.