नव्वद सेकंदांचं दार

शुक्रवारी सकाळी सिलेंडरवाला जिना चढत आला. खांद्यावर सिलेंडर आणि तोंडानं मोठ्यानं "या अल्लाह, या अल्लाह," म्हणजे परका पुरुष येतोय, घरातल्या बायकांनी सावध व्हावं. स्वयंपाकघरात आदिबानं पिठाचे हात तसेच वर धरले, मनगटानं ओढणी डोक्यावर ओढली आणि मग हाक दिली, "ये रे भाऊ." तेव्हाच त्यानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"बघितलंस?" तो गेल्यावर ती मुलाला म्हणाली. "सिलेंडरवाल्यालासुद्धा कळतं."

वाथिकला हे वाक्य पाठ होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, बगदादच्या आधमिया मोहल्ल्यातल्या त्यांच्या जुन्या घरात, भर दुपारी परदेशी शिपाई हिरवं लोखंडी दार फोडून घुसले होते. आदिबा अशीच पीठ मळत होती, डोकं उघडं. हात वर ठेवायचा हुकूम होता. नऊ परक्या पुरुषांसमोर ती चाळीस मिनिटं तशीच उभी राहिली, ओढणी समोर खुंटीवर. "दाराचं काय, दार लोहारानं जोडून दिलं," ती म्हणायची. "हाक नाही दिली मेल्यांनी."

सात वर्षांनी हॅलिक्रॉफ्ट नावाच्या कंपनीनं एक युद्धाचा व्हिडिओ गेम काढला. त्यातल्या चौथ्या मोहिमेत ते घर होतं. कुणा शिपायानं त्या दुपारी काढलेले फोटो कंपनीपर्यंत पोचले असणार. अंगणातलं नारिंगाचं झाड, दारावरचा नजर लागू नये म्हणून टांगलेला सात डोळ्यांचा निळा मणी, सगळं जिथल्या तिथे. वाथिक तेव्हा नुकता गेमवर लिहायला लागला होता. त्यानं जाहीर केलं, हे घर काढत नाहीत तोवर या कंपनीच्या एकाही गेमला हात लावणार नाही. चांगलं लिहिणार नाही, वाईटही लिहिणार नाही. कंपनीनं उत्तर दिलं नाही. बारा वर्षं त्यानं शब्द पाळला. बगदादपासून ट्युनिसपर्यंतचे वाचक त्याला त्या शब्दानंच ओळखायचे.

मागच्या आठवड्यात त्याच गेमची नवी, जास्त हुबेहूब आवृत्ती आली, आणि आदिबा जेवताना म्हणाली, "सगळं जग बूट घालून माझ्या घरात जाऊन आलं. एक तूच गेला नाहीस."

"युम्मा, तो बहिष्कार आहे."

"रुसणं आहे ते. बारा वर्षं दाराबाहेर रुसून बसलास, कुणाला कळलं? जा. आणि नीट जा."

•

दुपारी बसऱ्याहून मुहन्नदचा फोन आला. वाथिकचं इंटरनेटवरचं पान तोच सांभाळायचा.

"काय उस्ताद, सुटला म्हणे उपवास? तू पानावर जाहीर केल्यापासून खाली लोकांनी शिव्यांचा हार घातलाय तुला. विकला गेला म्हणतायत."

"म्हणू देत."

"बरं, ऐक. दारापाशी नव्वद सेकंद मिळतात. तू फोडलं नाहीस तर तुझे चार साथीदार फोडतात. मी सगळं करून पाहिलंय. पळून गेलो, गच्चीवरून उतरलो, साथीदारांनाच गोळ्या घातल्या. दार फुटतंच."

"आणि बाई?"

 "वळते. हात पिठाचे असतात. खेळणारी पोरं घाबरून गोळी घालतात. काही जण हसायला म्हणून घालतात."

"माझ्या हातून ते दार फुटणार नाही."

"अरे हट्टी माणसा, ते तुझ्या हातात नाहीये."

"बघू."

•

*नवीन गेममध्ये पहिली दहा मिनिटं मी काहीच करत नाही. नुसता उभा राहतो आणि बघतो. इथे दहा मिनिटं मिळत नाहीत, म्हणून तीच मोहीम पुन्हा पुन्हा सुरू करून मी*

एवढं लिहून वाथिकनं वही बाजूला ठेवली.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश. वीज सरकारी नव्हती, गल्लीच्या जनरेटरची होती, त्यामुळे कूलर दमेकऱ्यासारखा चालत होता. आदिबा आतल्या खोलीत पडद्यामागे झोपली होती. वाथिक अनवाणी, टीव्हीसमोरच्या सतरंजीवर.

पहिल्या वेळी तो नियमाप्रमाणे उभा राहिला. पाठीमागे चार शिपाई, समोर हिरवं दार. उजव्या बिजागरीखाली लोखंडी ठिगळ होतं, चौकोनी, एक कोपरा तिरका कापलेला.

ते ठिगळ लोहारानं मारलं होतं. शिपाई निघून गेल्यानंतर दोन दिवसांनी.

कुणीतरी नंतर फोटो काढला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. घर विकल्यावर नवीन मालकानं काढला असेल. असं होतं. नव्वद सेकंद संपले, चौघांतल्या म्होरक्यानं दार फोडलं, बाई वळली, आणि वाथिकनं गेमचं यंत्र बंद केलं.

दुसऱ्या वेळी त्यानं दाराला कान लावावा तसा गेममधला आपला शिपाई अगदी जवळ नेला. आतून पिठाचा गोळा परातीवर आपटल्याचा आवाज येत होता. दोन वेळा आपटायचं, मग थांबायचं, मग नाकातल्या नाकात एक सूर. त्यानं हेडफोन काढले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. परात धुऊन उपडी ठेवलेली होती. पडद्यामागे आईचा श्वास संथ चालू होता.

फोटोला आवाज नसतो, असं त्यानं वहीत लिहिलं. 

तिसऱ्या वेळी तो फोडायच्या कळेपासून बोट लांब ठेवून बसला. ऐंशी सेकंद. सत्तर. मागचा म्होरक्या अस्वस्थ होऊन पाय बदलत होता. वाथिकला एकदम लाज वाटली, आपल्याच आईच्या दारात इतका वेळ मुकाट उभं राहिल्याची. आणि लहानपणापासून जीभ जशी वळत आली तशी ती वळली.

"या अल्लाह," तो मोठ्यानं म्हणाला. "या अल्लाह."

परातीचा आवाज थांबला.

"थांब हं," दाराआडून आदिबाचा आवाज आला. तरुण आवाज, एकोणीस वर्षांपूर्वीचा. "हात पिठाचे आहेत. डोक्यावर घेऊ दे."

मग म्होरक्यानं लाथ मारली. दार फुटलं.

बाईचा एक हात ओढणीपर्यंत पोचला होता.

•

यंत्राला मायक्रोफोन नव्हता. हेडफोनला होता, तो गेल्या वर्षीच मेला होता. वाथिकनं तरीही हेडफोनची वायर उपटून टाकली. इंटरनेट काढलं. चौथ्यांदा मोहीम सुरू केली.

या वेळी तो थेट दारापर्यंत गेला आणि तिथे त्यानं आपला शिपाई उलटा फिरवला. पाठ दाराला. तोंड चौघांकडे.

"या अल्लाह," तो आत ऐकू जाईल असं म्हणाला.

"थांब हं."

"तू घे सावकाश," वाथिक म्हणाला. "मी आहे दारात."

म्होरक्या पुढे आला. त्यानं वाथिकच्या शिपायाला ढकललं. वाथिकनं कळ दाबून धरली. अंगठा पांढरा पडला.

"बाजूला हो," म्होरक्या म्हणाला. हे वाक्य कंपनीनं लिहिलेलं होतं. बारा वर्षांत लाखो लोकांनी ते ऐकलं होतं.

"नाही होत."

चाळीस. तीस. चौघांनी खांदे लावले. यंत्र तापून घरघरायला लागलं. वाथिक बसल्या जागी पाय रोवून बसला होता, पाठ ताठ, जणू मागे खरंच लोखंड आहे.

दहा.

"बारा वर्षं मी बाहेर होतो," तो दात आवळून म्हणाला. "आता तुम्ही राहा."

तीन. दोन.

शून्य.

शून्य तसंच राहिलं.

दार फुटलं नाही. म्होरक्यानं तोंड उघडलं. त्याच्यासाठी कुणी वाक्य लिहिलेलं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं आणि तो वाथिककडे बघत राहिला. शिपायाकडे नाही. वाथिककडे.

वीज गेली.

•

काळ्या काचेसमोर तो अजून पाठ ताठ धरून बसला होता. कूलर बंद पडल्यामुळे घर एकदम मोठं वाटत होतं. फोन वाजला.

"उस्ताद, काय केलंस तू?" मुहन्नदच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"का?"

"मी इथे खेळत होतो. तेच दार. घड्याळ शून्यावर येऊन थांबलंय."

"दार?"

"बंद आहे."

वाथिक हसला. छातीतून, मोकळं.

"हसतोस काय? माझे चौघे गायब झालेत. मेले नाहीत, मागे गेले नाहीत. आत्ता होते, आत्ता नाहीत. अंगणात मी एकटा उभा आहे. कुठे गेले ते?"

"मला काय विचारतोस," वाथिक म्हणाला आणि फोन ठेवला. मग वही ओढून त्यानं समीक्षा लिहिली, पूर्ण, खाडाखोड न करता.

*बहिष्कार संपला. मी आत गेलो नाही. मी दारात उभा आहे.*

गुणांची जागा त्यानं मोकळी सोडली.

आईला सांगावं म्हणून तो उठला. पडद्याला हात लावणार एवढ्यात आतून आवाज आला.

"वाथिक? थांब जरा."

मुलासमोर ती कधी डोकं झाकत नसे. आत कापड सळसळलं. बांगडी वाजली. ती उठून बसल्याचा आवाज आला.

"हं. तू ये आत," आदिबा म्हणाली. "त्या चौघांना तिथेच थांबव."

वाथिकनं मागे पाहिलं नाही.

त्यानं दोन्ही हात चौकटीला लावले. पाय फाकवले. मानेवर गरम श्वास जाणवत होता, एकाचा नाही.

"बूट," तो म्हणाला. आवाज न चढवता.

 मग मागे कुणीतरी गुडघ्यावर बसलं. नाडीची गाठ सुटली. मग दुसरी. घट्ट बांधलेले बूट होते, वेळ लागत होता.