ब तुकडीची बोरमाळ

माणसाचा रक्तगट बदलतो का? नाही बदलत. हे पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक असतं, आणि निहिरा तर सहावीत होती. मग आर्वी मावशीचा रक्तगट तिच्या रक्तदानाच्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' आणि आजीच्या कॅलेंडरवर 'बी पॉझिटिव्ह' कसा?

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत निहिरा आजोळी चिंचवण्याला आली होती आणि शाळेने येताना तिच्या गळ्यात एक प्रकल्प मारला होता: घरातल्या सगळ्यांच्या रक्तगटांचा तक्ता करा. काम सोपं होतं. आजोबांचा बी पॉझिटिव्ह होता, निहिराच्या आईचा तोच, मावशीचे यजमान विराज काका, त्यांचाही तोच. या घराला दुसरा गट माहीतच नसावा असं वाटत असतानाच मावशीचं कार्ड सापडलं. त्यावर ठळक अक्षरांत 'ओ'.

आर्वी मावशी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नऊ महिने भरत आले होते. आजीच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर चालणारी चूल होती, शेतात फवारणीला ड्रोन यायचा, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर कागदाचंच हवं, हा आजीचा हट्ट. लक्षात ठेवायचं ते सगळं ती त्यावर पेनाने लिहायची. पंधरा दिवसांपूर्वीच्या चौकटीत लिहिलं होतं: 'आर्वी – बी पॉझि. – स्ट्रिप देणे.'

"आजी, हे तुला कोणी सांगितलं?"

आजी चकल्या तळत होती. तिने मान वर न करताच उत्तर दिलं. "शहरातल्या दवाखान्यातून फोन आला होता. आर्वी अंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला. ती मुलगी म्हणाली, ग्रुप बी पॉझिटिव्ह आलाय, तिकडच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. आणि कसलीशी स्ट्रिप म्हणाली. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची असणार, दुसरी कसली? मी त्याच दिवशी आणून दिली."

"आणि डॉक्टरांना सांगितलंस?"

"रक्तगट काय सांगायचा त्यांना? ते काढतातच की. लेक बापावर गेलीय, झालं."

आतल्या खोलीतून मावशीचा कण्हल्यासारखा आवाज आला. सकाळपासून तिची कंबर भरून येत होती आणि पोटात थांबून थांबून दुखत होतं. आजीने गॅस बारीक केला, आत डोकावली आणि निवांतपणे परत आली. "कळा सुरू झाल्यात. पण पहिलटकरणीला वेळ लागतो. जेवणं उरकू, ऊन उतरलं की जाऊ केंद्रावर." थोरली लेक आणि शेजारपाजारच्या कितीतरी सुना यांची बाळंतपणं पाहिलेली बाई ती. तिच्या बोलण्यावर कोण शंका घेणार?

निहिराने शंका घेतली नाही. तिला फक्त कोडं सोडवायचं होतं. तिने सायकल काढली आणि ती दोन गल्ल्यांपलीकडच्या आरोग्य केंद्रात गेली.

तिथे प्रणाली सिस्टर होत्या आणि एक यंत्रमानव होता. गाव त्याला 'धाकटी' म्हणायचं, कारण ती सिस्टरच्या मागे मागे फिरायची आणि त्यांचीच वाक्यं बोलायची. उंची निहिराएवढी, पायांच्या जागी चाकं, पोटात कपाटाएवढी प्रयोगशाळा. सिस्टर वरच्या वस्तीवर लहान मुलांना लस द्यायला गेल्या होत्या. धाकटी दारातच भेटली.

"रक्तगट बदलत नाही," सगळं ऐकून धाकटी म्हणाली. "म्हणजे या दोन नोंदींपैकी एक रक्तगटाची नाहीच. कॅलेंडरवर 'रक्तगट' हा शब्द आहे का?"

निहिराने डोळे मिटून चौकट आठवली. "नाही गं. तो शब्द आपणच मनाने घातला."

"फोनवरचे शब्द सांग. ऐकलेले तेवढेच."

"ग्रुप बी. पॉझिटिव्ह. आणि स्ट्रिप."

"स्ट्रिप की स्ट्रेप?"

आजीला फोनवर कमी ऐकू येतं, हे निहिराच्या आत्ता ध्यानात आलं.

"मावशीच्या कागदांत मी तिच्या परवानगीशिवाय डोकावू शकत नाही," धाकटी म्हणाली. "पण शब्दांचा अर्थ कोणालाही सांगू शकते. स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस (माळेसारखे रांगेत राहणारे गोल जंतू). ग्रुप बी म्हणजे त्यांच्यातला एक गट. गरोदरपणाच्या शेवटी त्यांची चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली, तर कळा सुरू झाल्याबरोबर आईला शिरेतून औषध द्यावं लागतं. बाळ जन्मायच्या आधी निदान चार तास तरी ते सुरू झालेलं बरं. मावशीची तारीख कधीची आहे?"

"कळा सकाळीच सुरू झाल्यात," निहिरा म्हणाली. "आजी म्हणते, ऊन उतरल्यावर येऊ."

घड्याळात सव्वादहा झाले होते. धाकटीने घरी फोन लावला. पण तळणात हात असताना आजी कधी फोन घेत नसे आणि मावशीचा फोन कुठल्या उशीखाली होता देव जाणे. "मी सिस्टरना बोलावते, डॉक्टरांना कळवते. तुमच्या घराच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत," धाकटी म्हणाली. "तू जा."

निहिराने सायकल अशी दामटली की कोपऱ्यावरच्या कोंबड्यांनी कडेला उड्या घेतल्या.

आता आजीला सांगायचं कसं? 'तू चुकलीस' म्हटलं असतं तर आजीने आधी स्वतःची बाजू मांडली असती, आणि त्यात अर्धा तास गेला असता. निहिराने कॅलेंडरचं पानच काढून तिच्यासमोर धरलं. "आजी, ती मुलगी 'रक्तगट' म्हणाली होती का? नीट आठव."

आजीने झारा खाली ठेवला. ओठ हलवत तिने तो फोन पुन्हा मनात ऐकला. "नाही," ती हळूच म्हणाली. "ग्रुप म्हणाली. रक्त म्हणालीच नाही."

मग निहिराने धाकटीचं सगळं बोलणं एका दमात सांगितलं. आजीने पुढे एक शब्द विचारला नाही. शेगडी बंद केली, चकल्या तशाच ठेवल्या आणि आत जाऊन म्हणाली, "आर्वी, ऊठ बाळा. आत्ता निघायचं."

केंद्राच्या दारात मावशीने धाकटीच्या पोटावरच्या पडद्यावर अंगठा टेकवला. ही तिची परवानगी. शहरातल्या दवाखान्यातून दोन मिनिटांत अहवाल आला: ग्रुप बी स्ट्रेप, पॉझिटिव्ह. तोवर प्रणाली सिस्टर धापा टाकत पोचल्या होत्या. "पेनिसिलिनने कधी अंगावर पुरळ, सूज, काही आलं होतं का?" त्यांनी मावशीला विचारलं. नव्हतं आलं. तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी पडद्यावरून औषधाचं प्रमाण सांगितलं आणि आपण गाडीत बसतोय असंही सांगितलं. पावणेअकराला मावशीच्या हातात सलाईनची सुई गेली.

आता वाट पाहायची होती. आजी बाकावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. निहिरा धाकटीच्या शेजारी उभी राहिली.

"हा गट-बिट मला अजून नीट कळला नाही," ती म्हणाली.

"तुझ्या शाळेत तुकड्या आहेत ना? तशाच. स्ट्रेप नावाची जंतूंची मोठी शाळा आहे. शास्त्रज्ञांनी त्यांच्या तुकड्या पाडल्या. अ तुकडीतले घसा दुखवतात. हे ब तुकडीतले." धाकटीने पोटावरचा पडदा उजळला. निळसर गोल दाणे एकाला एक चिकटून वळणावळणाने पसरले होते.

"ही तर आजीची बोरमाळ," निहिरा म्हणाली. आजीचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"मग माझ्या लेकीला काय आजार झालाय?" आजीने विचारलं. तिचा आवाज चिरकला होता. "स्वच्छता तर आम्ही..."

"आजी, आजार नाही हा," धाकटी म्हणाली. "आणि स्वच्छतेचा यात काही संबंध नाही. पाचातल्या एका बाईच्या आतड्यात आणि बाळ बाहेर येण्याच्या वाटेत हे जंतू राहतात. भाडेकरूसारखे येतात, जातात. तिला त्रास नाही, ताप नाही. म्हणून तर चाचणीशिवाय ते कळत नाहीत. कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवायची आणि तिच्यावर कोणते जंतू वाढतात ते पाहायचं, एवढीच ती चाचणी."

"मग भीती कोणाला?"

"बाळाला. त्या वाटेने येताना जवळजवळ निम्म्या बाळांच्या अंगावर हे जंतू येतात. त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. औषध दिलं नाही, तर अशा शंभर आयांच्या बाळांपैकी एखादं-दुसरं आजारी पडतं. पण पडलं की फार आजारी पडतं. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती (जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद) अजून शिकाऊ असते. जंतू रक्तात, फुप्फुसात, कधी मेंदूच्या आवरणातही शिरतात. बहुतेकदा पहिल्याच दिवशी."

निहिराच्या मनात एक शंका बराच वेळ टोचत होती. "पण चाचणी तर केव्हाच झाली होती. तेव्हाच औषध देऊन टाकायचं ना. इतकी घाई कशाला?"

"हाच खरा प्रश्न," धाकटी म्हणाली. "तेव्हा दिलं असतं तर जंतू गेले असते आणि बाळ यायच्या आत पुन्हा आले असते. म्हणून प्रतिजैविक (जंतूंना मारणारं औषध) कळा सुरू झाल्यावर देतात. आईच्या रक्तातून ते वारेत जातं (वार म्हणजे आई आणि बाळ यांना जोडणारा अवयव) आणि तिथून बाळात. वाटेतले जंतू कमी होतात आणि बाळ औषधाचं चिलखत घालूनच बाहेर येतं. त्यासाठी ते चार तास."

आजीने बोटांवर मोजलं. पावणेअकरा ते पावणेतीन. आणि ती निघणार कधी होती? ऊन उतरल्यावर. तिने निहिराला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पावणेतीन वाजले. चार वाजता विराज काका शहरातून पोचले आणि पाचला दहा कमी असताना आतून एक खणखणीत रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. डॉक्टरबाईंनी तिचा श्वास मोजला, रंग पाहिला, अंग पाहिलं आणि ठणठणीत आहे म्हणाल्या. आजी रडली आणि तिने ते लपवलंही नाही.

"दोन दिवस लक्ष ठेवू," प्रणाली सिस्टर म्हणाल्या. "घरी गेल्यावरही पहिले तीन महिने बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, ताप आला किंवा भराभर श्वास घ्यायला लागलं, तर वाट न पाहता इकडे आणायचं. हे औषध जन्मावेळचा धोका कमी करतं, नंतरचा नाही."

"नंतरचा पण गेला पाहिजे," निहिरा म्हणाली.

"त्यासाठी लस येतेय," धाकटी म्हणाली. "गरोदरपणात आईला टोचायची. आईचं शरीर प्रतिपिंडं (जंतूंना ओळखून पकडणारे सूक्ष्म पहारेकरी) तयार करील आणि ती वारेतून बाळाला देईल. चाचण्या शेवटच्या टप्प्यात आहेत. ही चिमुरडी मोठी होईल तेव्हा हा सगळा गोंधळ तिला गोष्टीसारखा सांगावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी निहिरा तक्ता पुरा करायला बसली. मावशीच्या नावापुढे तिने ठामपणे 'ओ' लिहिलं. खाली एक नवा चौकोन आखला. बाळाच्या रक्ताचा अहवाल धाकटीने मावशीच्या फोनवर पाठवला होता. मावशीने तो वाचला आणि हसू दाबत फोन आजीकडे दिला.

बाळ बापावर गेलं होतं. बी पॉझिटिव्ह.

"बघा," आजी म्हणाली, "मी पंधरा दिवस आधीच लिहून ठेवलं होतं."

मग तिने कॅलेंडरचं ते पान मांडीवर घेतलं आणि पेन मागितलं. जुन्या ओळीतली 'स्ट्रिप' खोडून वर 'स्ट्रेप' केलं. खाली नवी ओळ लिहिली, 'बाळाचा रक्तगट – बी पॉझिटिव्ह', आणि 'रक्तगट' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.