बुधवारचं हिरवं पाणी

दिग्विजय चुरी बोईसर स्टेशनजवळच्या त्या छोट्याशा ऑफिसात शिरले तेव्हा त्यांच्या हातात एक बाटली होती आणि बाटलीत हिरवंगार पाणी. उन्हातून आलेल्या माणसाने सरबत आणलं, असं वाटून दर्पणने हात पुढे केला.

"पिऊ नका," चुरी म्हणाले. "आमच्या तरणतलावातलं आहे."

दर्पणने हात मागे घेतला. हेमांगी राऊतने मात्र बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली, बूच काढून वास घेतला. ती खाजगी गुप्तहेर; लग्नाआधीच्या चौकश्या आणि कारखान्यांतल्या भंगारचोऱ्यांचा तपास हे तिचं नेहमीचं काम. दर्पण तिचा मावसभाऊ. तो स्कूटर चालवायचा आणि ताईच्या तर्कामागे दमत-दमत धावायचा.

चुरी तारापूर रस्त्यावरच्या सार्वजनिक तरणतलावाचे व्यवस्थापक होते. तलाव व्हायच्या आधी तिथे रिकामे ट्रक उभे असायचे, माणूस थांबायचा नाही. आता समोर पोहण्याच्या कपड्यांचं दुकान होतं, भज्यांची गाडी होती, मासेवाली बसत होती, रिक्षांचा नाका झाला होता. खोली भाड्याने देणारेसुद्धा 'तलावाजवळ' असं सांगून दोन पैसे जास्त मागत. आणि गेल्या महिन्यापासून दर बुधवारी सकाळी पाणी हिरवं निघत होतं. फलक लागला, तलाव बंद झाला की सगळा रस्ता ओस पडायचा.

"समिती म्हणते, पुन्हा असं झालं तर तलाव खाजगी ठेकेदाराला देऊ," चुरी म्हणाले. "मग कामगारांची पोरं जाळीतून बघतील नुसती. आज परत झालं. मला तर एडवणच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्याचा संशय आहे."

पाणी तपासलं का, असं हेमांगीने विचारलं. दर बुधवारी पालघरला समितीची बैठक असते, आत्ताही तिकडेच निघालोय, जाताना नमुना तपासायला देतो, पण अहवालात काहीच वाईट निघत नाही, असं चुरींनी सांगितलं. ते नसताना तलावावर हिमानी असते, पोहायला शिकवणारी. ती क्लोरीन टाकते आणि संध्याकाळपर्यंत पाणी निवळतं. किल्ल्या दोघांकडेच.

"म्हणजे बुधवारी तुम्ही नसता," हेमांगी म्हणाली आणि चपला घालायला उठली.

दुपार कलत होती. तलाव खरोखरच देखणा होता, फक्त पाणी फिक्या पोपटी रंगाचं. हिमानी तारापूरच्या वसाहतीत वाढलेली, उन्हाने रापलेली, नम्र मुलगी. शेवाळ आहे, क्लोरीन आत्ताच टाकलंय, जाईल संध्याकाळपर्यंत, असं ती म्हणाली. हेमांगी अनवाणी पायऱ्या उतरली. पाण्याखालच्या फरशीवर तिने टाच घासली, भिंतीवरून बोट फिरवलं, आणि वर आली.

समोरच्या दुकानात किंजल रिकामी बसली होती. पोहण्याचे चष्मे आणि टोप्या दारात टांगलेल्या. मुलं आत गेलीच नाहीत तर चष्मा कोण घेणार, असं तिचं म्हणणं. तलावामुळेच तिने हे दुकान टाकलं होतं. नवशाच्या गाडीवर भज्यांचं पीठ तसंच राहिलं होतं आणि गोळ्याचा बर्फ वितळून गटारात चालला होता. दर्पणची नजर मात्र गाडीवरच्या, गोळ्यावर घालायच्या हिरव्या रंगाच्या बाटलीवर खिळली.

"ताई, सापडला," तो कुजबुजला.

नवशाने ते ऐकलं आणि हसला. "मीच माझ्या पोटावर पाय देऊ का, दादा? हा रंग तर कुठल्याबी वाण्याकडं मिळतो. सकाळी पीठ भिजवलं, बर्फ आणला, मग कळलं तलाव बंद हाय."

पलीकडे छत्रीखाली लाडकी बसली होती, मुरबे गावची मासेवाली. पोहून भुकेजलेल्या पोरांच्या आया तिचं हक्काचं गिऱ्हाईक. दर्पणला रात्रीच्या जेवणाला बोंबील हवे होते, पण टोपली रिकामी. आज थोडेच आणले होते, संपले, असं ती म्हणाली. दर्पण हिरमुसला. बुधवारी मासे नाहीत म्हणजे काय!

लाडकीचे केस ओले होते, पाठीवर मोकळे सोडलेले. डोळे लाल. उन्हानं झाले, असं तिने सांगितलं. मासळी कधी घेता, एवढंच हेमांगीने विचारलं.

"पहाटेला, बंदरावर. दिवस उगवायच्या आत."

परतताना दर्पण रिसॉर्टवाल्यावर तर्क लढवत होता. हेमांगी मागे बसून गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना तलावाच्या कडेला सावलीत बोलावलं. पाण्यात पोरांचा कल्ला चालला होता. चुरी, हिमानी, किंजल, नवशा आणि लाडकी बाकांवर बसले.

"शेवाळ धरलं की फरशी बुळबुळीत होते," हेमांगीने सुरुवात केली. "काल माझी टाच कुठेच घसरली नाही. बाटलीतल्या पाण्याला वास नव्हता, अहवालात दोष नव्हता. म्हणजे तो रंग होता, खायचा. क्लोरीनने तो उडतो. रिसॉर्टवाल्याकडे किल्ली नाही. चुरींनाच तलाव बंद पाडायचा असता, तर ते माझ्याकडे आले नसते. उरली हिमानी. आणि शेवाळ आहे असं मला तिनेच सांगितलं."

हिमानीने मान खाली घातली. चुरी काही बोलणार होते, हेमांगीने हाताने थांबवलं.

"पण हिमानीला त्यात काय मिळालं? तलाव बुडाला तर तिचीच नोकरी जाते. मग माझ्या लक्षात आलं, आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. बंद तलाव कोणाला हवा होता, असं नाही. रिकामा तलाव कोणाला हवा होता? चुरी पालघरला, पोरं घरी, रस्त्यावर माणूस नाही. अशा तलावात कोणीतरी उतरत होतं. आणि तलाव बंद राहणार हे त्या माणसाला आधीच ठाऊक होतं. नवशाने पीठ भिजवलं, बर्फ आणला. त्याला ठाऊक नव्हतं. किंजल दुकान उघडून बसली. तिलाही नाही. एकाच व्यक्तीने बुधवारी, मासळी खपण्याच्या दिवशी, कमी माल आणला. तोही पहाटे, फलक लागायच्या कितीतरी आधी."

दर्पणला आता कुठे ओले केस आणि लाल डोळे आठवले. त्याने कपाळावर हात मारला.

लाडकी स्वतःच उभी राहिली.

"हिमानीला बोल लावू नका. मीच तिच्या मागं लागली." ती म्हणाली. "मुलगा कारखान्यात कामाला गेला, बोटीवर खलाशी मिळत नाय. नारळी पुनव झाली का मीच जानार नवऱ्याबरोबर. तो म्हणतो, पोवता येत नाय तर बोटीत पाय ठेवू नको. आमी बायका जन्मभर किनाऱ्यावर मासळी निवडतो, आमाला पाण्यात कोन सोडतो? पन कोळणीला पोवता येत नाय, हे या पोरांच्या आयांसमोर कसं सांगू?"

पहिल्या बुधवारी, नमुने द्यायला लागायच्या आधी, शेवाळ खरंच आलं होतं, हिमानीने सांगितलं. त्या दिवशी लाडकी मावशी मागच्या दाराने आत आली आणि शिकव म्हणाली. पुढच्या बुधवारी रंग टाकायची कल्पना हिमानीची. रस्त्याचं एवढं नुकसान होईल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिने नवशाची आणि किंजलची माफी मागितली.

मग नवशा म्हणाला, "मावशे, पोवता येतं का आता तरी?"

लाडकीने काष्टा घट्ट खोचला, पायऱ्या उतरली आणि पाण्यात शिरली. पोरं आपोआप बाजूला झाली. तिचे हात वेडेवाकडे पडत होते, पाणी तोंडात जात होतं, पण ती थांबली नाही. पलीकडच्या कठड्याला तिचा हात लागला तेव्हा जाळीबाहेरचे रिक्षावालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

चुरींनी समितीला सगळं खरं सांगितलं आणि त्याबरोबरच एक मागणीही केली: भर दुपारी उन्हामुळे तलाव ओस असतो, तो वेळ फक्त बायकांना द्यावा. समितीत थोडी कुरकुर झाली, थोडा हशा पिकला, आणि मागणी मान्य झाली. त्या वेळात हिमानीने पगाराविना शिकवायचं, हीच तिची शिक्षा ठरली. मुरब्याहून, तारापूरहून बायका रिक्षा भरून येऊ लागल्या. किंजलने लांब बाह्यांचे कपडे शिवायला दोन शिंपिणी ठेवल्या. नवशाची दुपारची झोप गेली, त्याची त्याने तक्रार केली नाही. ठेकेदाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर दर्पण आणि हेमांगी मुरब्याच्या बंदरावर गेले. खाडी भरतीने फुगली होती. बोटीवर लाडकीचा नवरा इंजिन सुरू करत होता, आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी राहून लाडकी दोर सोडत होती.

बोट खाडीच्या तोंडाशी पोहोचली. पहिल्या मोठ्या लाटेने ती उचलली आणि पाण्याचा फवारा लाडकीच्या तोंडावर उडाला. तिने तो पदराने पुसला नाही. तशीच हसत ती पुढे बघत राहिली.